नोंदणीकृत गाव

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला, एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही आठ जण होतो. काम पुण्याच्या एका कंपनीकडून यायचं, आणि तिला ते आणखी कुठून तरी मिळालेलं असायचं. ज्या माणसांसाठी आपण सॉफ्टवेअर लिहितोय ती माणसं आम्ही कधी पाहिलेली नसायची. त्यांच्याऐवजी एक फाइल यायची, तिला रिक्वायरमेंट म्हणायचं. फाइलीत जे लिहिलंय ते करायचं आणि जे लिहिलेलं नाही ते विचारायच्या भानगडीत पडायचं नाही, हे मी पहिल्या सहा महिन्यांतच शिकले.

त्या वर्षी आमच्याकडे शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचं ॲप आलं. गावोगावी लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी मोबाईलवर मालकाचं नाव शोधायचं, किती जनावरांना लस दिली ते भरायचं आणि मगच बाटली खर्ची पडायची, असा तो प्रकार होता. काही जण घरी बसून खोट्या नोंदी करतात अशी वरच्यांची तक्रार होती. म्हणून फाइलीत एक नियम होता. मालकाची नोंद ज्या गावात आहे त्याच गावात मोबाईल असेल तरच नोंद घ्यायची, नाहीतर नाकारायची.

तो भाग माझ्याकडे आला. मी तो मन लावून केला. ॲप फसतंय का हे तपासायला अकरा चाचण्या लिहिल्या. त्यातली एक अशी होती, की मालक आटपाडी तालुक्यातला, मोबाईल मात्र शंभर किलोमीटर लांब. अशा वेळी ॲपनं नकार दिला पाहिजे. ते द्यायचं, आणि माझ्या स्क्रीनवर चाचणीसमोर हिरवी खूण यायची. पुण्याच्या मॅनेजरनी कॉलवर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नकाराचं वाक्यही मीच लिहिलं होतं. 'आपण नोंदणीकृत गावात नाही. कृपया नोंदणीकृत गावी संपर्क साधा.' मला ते सभ्य वाटलं होतं.

दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यानं मी शनिवारी घरी उंब्रजला गेले. वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, आता ऊस बघतात. खालच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि तिथं मेंढरं बसवली होती. दरसाल बसवतात, रानाला खत होतं. पूर्वेकडून आटपाडीच्या बाजूनं मेंढपाळ पावसाळा सरला की निघतात, चाऱ्यामागं कृष्णाकाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी जातात. लहानपणापासून हे मी बघत आलेय. फाइल वाचताना मात्र ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्या बिऱ्हाडात नवरा-बायको दोघंच होती. तो मेंढरं घेऊन चाऱ्याला गेलेला असायचा, ती वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, कोकरांजवळ. बाई माझ्या आईच्या वयाची, बोलायला मोकळी. शेजारच्या गावात मेंढरांना देवी आल्याचं तिच्या कानावर आलं होतं, म्हणून तिनं वडिलांना गळ घातली होती आणि वडिलांनी लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. तो रविवारी सकाळी आला, बर्फाचा डबा घेऊन. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा तो मोबाईल हातात धरून उभा होता.

त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव शोधलं. नाव सापडलं. आकडा भरला. मग तो थांबला, पुन्हा भरला, मोबाईल वर धरला, बांधावर जाऊन पाहिला. त्याला वाटलं रेंज नाही. मला दुरूनच स्क्रीनवरच्या नकाराच्या लाल पट्टीचा रंग दिसला आणि काय झालंय ते कळलं.

"काय म्हणतंय त्ये?" बाईनं विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. माझं वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. बाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावात कोन हाय आमचं आता? दाराला कुलूप हाय."

डॉक्टर बिचारा समजावत होता, की नोंद झाल्याशिवाय बाटली फोडता येत नाही, एकेका बाटलीचा जाब द्यावा लागतो. वडील त्याला म्हणाले, तुमच्या साहेबांना फोन लावा. त्यानं लावला. साहेब म्हणाले, सिस्टीम घेत नसेल तर मी काय करू. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी कसल्या कामात आहे हे त्यांना मोघम ठाऊक होतं. मला गप्प राहता आलं असतं. पण मी सांगून टाकलं, की हे ॲप आमच्याच ऑफिसात झालंय आणि हा नियम मीच लिहिलाय.

बाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. उलट तिला हायसं वाटलं.

"मग लय बरं झालं," ती म्हणाली. "तुजंच हाय म्हंल्यावर तूच दुरुस्त कर की गं."

मी करते म्हणाले. डॉक्टर चार दिवसांनी पुन्हा येतो म्हणून गेला.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी माझ्या मशीनवर ती दुरुस्ती केली. वीस मिनिटं लागली. मालक स्थलांतरित असेल तर गावाची अट सोडून द्यायची, बदल्यात जनावरांचा फोटो घ्यायचा, म्हणजे खोट्या नोंदीचाही प्रश्न मिटत होता. ते माझ्याच मोबाईलवर चालत होतं. पण लोकांच्या मोबाईलवर नवं ॲप पाठवायची किल्ली पुण्यात होती, आणि पुण्याची परवानगी तिच्याही वर कुठेतरी अडकलेली. मी रीतसर तिकीट लिहिलं. आमच्या धंद्यात कुठलीही अडचण तिकिटात लिहावी लागते, तिला क्रमांक मिळतो, मग ती रांगेत लागते. मी लिहिलं होतं की मेंढ्यांना देवी येण्याचा धोका आहे, चार दिवसांत हवंय. दुपारी उत्तर आलं. ॲप ठरल्याप्रमाणेच चालतंय, म्हणजे हा दोष नव्हे. ही नवी मागणी आहे, आणि नवी मागणी ग्राहकाकडून यायला हवी.

मी मॅनेजरना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं, त्यांना पटलंही. म्हणाले, "मला कळतंय गं. पण ग्राहकाची बैठक महिनाअखेरीला आहे. त्याआधी मी कुणाला विचारू, तूच सांग." त्या साखळीत माझ्यावर ते होते, त्यांच्यावर कोण ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. सगळेजण आपापल्या जागी बरोबर होते.

मंगळवारी, बुधवारी वडिलांचा फोन आला. त्यांना वाटायचं मी हलगर्जीपणा करतेय. फौजेत कामाला माणूस जबाबदार असतो, ते म्हणाले, तुमच्यात कोण असतो? मी तिकिटाचं सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण माझंच बोलणं मला त्या डॉक्टरच्या साहेबांसारखं ऐकू आलं.

गुरुवारी डॉक्टर आला. ॲपनं पुन्हा नकार दिला. मग त्यानं डब्यातली एक बाटली काढली आणि वडिलांना म्हणाला, काका, ही प्रवासात फुटली असं मी लिहितो, पण एकच, दोन फुटल्याचं कुणी ऐकून घेणार नाही. बाटलीत शंभर मेंढरांपुरती लस. कळपात दीडशेच्या वर. कुणाला टोचायची हे बाईनं ठरवलं. गाभण्या आणि दुभत्या मेंढ्या तिनं एकेक करून पुढं काढल्या. उरलेल्यांकडे पाठ करून ती उभी राहिली, असं वडील मला नंतर सांगत होते. एवढंच सांगून ते दुसऱ्या विषयाकडं वळले.

पंधरा दिवसांत उरलेल्यांत देवी दिसली. डॉक्टर औषध देऊन गेला, पण त्यावर औषध असं फारसं नसतंच. मी पुढच्या शनिवारी गेले तेव्हा वाघरीत एका बाजूला तोंडावर फोड आलेली मेंढरं वेगळी बांधलेली होती. नऊ मेंढरं आणि कितीतरी कोकरं गेली होती. मला बघून तिचा नवरा उठून मेंढरांकडं गेला. बाईनं मात्र बसायला घोंगडं टाकलं. तिकडं तिकिटांच्या रांगेत काय झालंय असं काही तिनं विचारलं नाही. तिला रांग ठाऊकच नव्हती. मी माफी मागितली तर म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" मी मुद्दाम केलं नव्हतं, पण केलं होतं नीट, काळजीपूर्वक, अकरा चाचण्या लिहून.

बैठक झाली, पुढं ढकलली गेली, पुन्हा झाली. मार्चअखेर दुरुस्ती लोकांच्या मोबाईलवर गेली. ॲपसोबत काय बदललं ते दोन ओळींत लिहितात, तिथं पुण्याच्या कुणीतरी 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं. तोवर बिऱ्हाडं माघारी फिरली होती. ज्या सुमारास सगळे मेंढपाळ आपापल्या नोंदणीकृत गावात पोचलेले होते, त्या सुमारास माझी दुरुस्ती चालू झाली.

पाडवा झाल्यावर बाईचा फोन आला. नंबर तिनं वडिलांकडून घेतला होता. खुशाली विचारली, उरलेली कोकरं उभी राहिल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "पुढल्या साली आमी तुमच्याकडं असताना घेईल न्हवं त्ये, फोनमदी?"

त्याच आठवड्यात आम्हाला कळलं होतं की ते काम आमच्याकडून काढून दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीला दिलंय. ती कंपनी ॲप पहिल्यापासून नव्यानं लिहिणार होती. आमचं काहीच घेणार नव्हती, माझी दुरुस्तीही नाही. तिच्या फाइलीत काय लिहिलं असेल हे मला कळायचा मार्ग नव्हता. त्या कंपनीचं नावसुद्धा आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

मी व्हय म्हणाले.

"थांब, ह्यास्नी सांग," असं म्हणून तिनं फोन नवऱ्याकडं दिला. मग मी त्यालाही तेच सांगितलं.