दादाने मोडलेला मसुरीचा बेत

हिमालयाची शिखरं मी मुलांना सात वर्षं शिकवली आणि स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. कोल्हापूरलाही गेले होते ती इस्पितळात. सतराव्या वर्षी मधुमेह निघाला. तिथल्या डॉक्टरांनी स्वतःला सुई टोचून घ्यायला शिकवलं आणि मालवणला परत पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी मांडीत इन्शुलिन, आणि काचेच्या नळीत निळ्या औषधात लघवीचे थेंब तापवून रंग बघायचा. निळा असला तर दिवस बरा, विटकरी आला तर वाईट.

हे दुखणं घरात होतं, गावात नव्हतं. वडील गेलेले. दादा मामलेदार कचेरीत कारकून आणि घराचा कर्ता. त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की बाहेर कुणाला काही कळता कामा नये. आधी माझ्या लग्नासाठी, आणि माझं लग्न होत नाही हे त्याचं त्यालाच पटल्यावर त्याच्या मुलीच्या लग्नासाठी. सुई मागच्या पडवीत उकळायची. इन्शुलिनची बाटली तांदळाच्या कणगीमागे, ओल्या वाळूच्या मडक्यात. आल्यागेल्याला सांगायचं, हिला पित्ताचा त्रास आहे. हळदीकुंकवात हातावर पेढा पडला की मी तो पदराआड लपवायची. एकदा एक बाई समोरून हलेचना, म्हणून तो खाऊन टाकला. त्या दिवशीचा विटकरी रंग मला अजून दिसतो. दादाला सांगितलं तर म्हणाला, "खाल्लंस ता बरा केलंस."

दहा वर्षं मी हे चालू दिलं. त्याबद्दल मला दादाचा जितका राग आहे तितकाच माझाही आहे.

मग शाळेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मे महिन्याच्या सुट्टीचा विषय काढला. त्या आणि त्यांचे निवृत्त यजमान दिल्ली, हरिद्वार, मसुरी करणार होते. "तुम्ही येता का? तिसरं माणूस असलं तर बरं." मी हो म्हटलं, आणि मग घरी येऊन विचार केला. दादा जायचं नाही म्हणाला, मी ते कानाआड केलं.

विचार तीन महिने चालला. कोल्हापूरच्या डॉक्टरांना पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं, जा, पण उपाशी राहू नका आणि बाटली गरम होऊ देऊ नका. रुंद तोंडाचा थर्मास आणला. मोठ्या स्टेशनांवर बर्फ मिळतो असं कळलं, तेव्हा रेल्वेचं वेळापत्रक मागवून कोणतं स्टेशन किती वाजता येतं ते वहीत उतरवलं. त्या वेळांपुढे सुई आणि जेवण लिहिलं. पिचकाऱ्या दोन घेतल्या, एक फुटली तर दुसरी. स्पिरिटचा दिवा, सुया, कापूस, खडीसाखर. खडीसाखर ब्लाउजमध्ये पुरचुंडी बांधून ठेवायची, कारण रक्तातली साखर उतरली की पिशवी उघडण्याइतकीही शुद्ध राहत नाही.

एका रविवारी मी तालीम केली. सकाळची सुई न टोचता निघाले, एस.टी.ने कणकवलीला गेले आणि तिथल्या स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत, उभ्याने, साडी वर धरून टोचून घेतलं. बाहेर एक बाई दार ठोकत होती. "गो, मेलंस काय भुतूर?" मी हसत बाहेर आले. परतीच्या गाडीत डबा खाल्ला. घरी आले तर रंग हिरवा, निळ्याच्या जवळचा. मला वाटलं, आता मी काबूलपर्यंत जाईन.

एक गोष्ट मात्र मी केली नव्हती. त्या बाईंना दुखणं सांगितलं नव्हतं. जीभच वळली नाही. दहा वर्षं लपवायची सवय झाली की खरं सांगणं हीच चोरी वाटते. गाडीत बसल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं.

जायला तीन आठवडे उरले असताना बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बाजूला घेतलं.

"तुमचे बंधू परवा घरी आले होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी सगळं सांगितलं. इन्शुलिनचं वगैरे."

"दादाने सांगितलं?"

"वाटेत तुम्ही कधीही बेशुद्ध पडाल, म्हणाले. आमच्या ह्यांना धास्ती बसली. परमुलखात आम्ही दोन म्हातारी माणसं. तुम्ही राग मानू नका. पण तुम्ही आधी सांगायला हवं होतंत."

ते शेवटचं वाक्य खरं होतं. पुढच्या तासाला मी पोरांना नद्या शिकवल्या आणि एकाला विनाकारण बाकावर उभं केलं.

संध्याकाळी दादा कचेरीतून आला. त्याने चपला काढायच्या आत मी विचारलं, "त्यांच्या घरी तू कित्याक गेल्लंस?"

दादा रागावला की मालवणी सोडून कचेरीतली मराठी बोलायचा. "तुझी जबाबदारी माझ्यावर आहे. तुला परवानगी मिळणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं."

"दहा वर्षां माझ्या तोंडाक कुलूप घातलंस. माका पेढे खावक लावलंस. आणि आता तूच दारोदार सांगीत फिरतंस?"

"दारोदार नाही. एकाच घरी."

"मालवणात एक घर म्हंजे सगळा मालवण!"

तेव्हा त्याची कचेरीतली मराठी गळून पडली. "वाटेत मेलंस तर घराक कोण हाडतलो तुका? मी?"

"नको हाडू. थयच जाळतले."

त्याचा हात उठला होता. त्याने मारलं नाही, पण हात उठला होता, आणि मी तो पाहिला. लोक पुढे मला सांगत राहिले की तो काळजीपोटी वागला. असेल. पण काळजी असलेला माणूस पेढा खाल्लेला बघून आधी विचारतो, बरं आहे ना. माझ्या जिवाची भीती त्याला मी घराबाहेर निघाले तेव्हाच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पिरिटचा दिवा, पातेली, पिचकारी आणि लघवीची नळी उचलली आणि पुढच्या ओसरीवर जाऊन बसले. रस्ता समोरच. मासळीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले. मी सुई उकळली, बाटलीतून औषध ओढलं. दादा दारात आला.

"आत चल."

"आता कित्याक लपवू? सांगून इलंस ना तू?"

एका कोळणीने विचारलं, "काय झाला गो तुका?"

"मधुमेह," मी म्हटलं. "दहा वर्षां झाली."

"माझ्या घोवाक पण आसा," ती म्हणाली आणि टोपली सावरून चालू लागली. दहा वर्षांच्या लपवाछपवीची गावाच्या लेखी एवढीच किंमत. दादा आत गेला. मी रागाने रडत होते, सुई दोनदा चुकली.

दुपारी वहिनी माझ्या खोलीत आली. वहिनी आणि माझं कधी जमलं नाही. दहा वर्षं तिने माझी सुई उकळून दिली, वेगळी भाकरी भाजली, आणि प्रत्येक वेळी भांडं आपटून दिलं. मला वाटलं, ही आता दादाचा निरोप घेऊन आली.

"तुझी वही खंय आसा?" तिने विचारलं. "स्टेशनांची."

मी दिली. तिने ती उलटी धरली, सुलटी केली. तिला वाचता येत नव्हतं.

"दोन माणसांचा जमतला?"

"म्हंजे?"

"मी येतंय. तुझ्यासाठी नाय, गैरसमज नको. लग्न झाल्यापासून मी शेजारच्या आचऱ्याच्या पुढे गेलंय नाय. माका जावचा आसा."

"दादा?"

"त्येका मी बघतंय."

तिने त्याला काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. भिंतीपलीकडून फक्त तिचा आवाज येत होता. त्याचा येत नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा दादा स्टँडवर आला नाही. फोंड्याचा घाट, कोल्हापूर, पुणे, कल्याण, मग उत्तरेची गाडी. वहिनीला गाडी लागली आणि ती मला शिव्या देत राहिली. बर्फासाठी ती हमालांशी मालवणीत भांडायची आणि बर्फ आणायचीच. मथुरेच्या अलीकडे जेवणाला उशीर झाला, माझी साखर उतरली. मला आठवतं ते एवढंच की कुणीतरी थोबाडीत मारतंय आणि तोंडात खडीसाखर कोंबतंय. शुद्धीवर आले तर वहिनी म्हणाली, "हयच मरूक इलंस काय? माका परतीची गाडी म्हायत नाय."

मसुरीला दोन दिवस नुसतं धुरकट होतं. समोर काहीच नाही. "ह्येच्यासाठी?" वहिनी म्हणाली. तिसऱ्या सकाळी मी सुई उकळत ठेवली होती, आणि तिने बाहेरून हाक मारली. डोंगरांच्या रांगेमागे, ढगांच्याही वर, पांढरी शिखरं उभी होती. आम्ही दोघी पाव तास तरी बघत उभ्या राहिलो. खोलीत परत आले तर पातेलीतलं पाणी आटून पिचकारी तडकली होती. दुसरी होती.

परत आल्यावर दादाने वहिनीला पाणी दिलं, मला नाही. त्या वर्षी त्याच्या मुलीचं आचऱ्याचं स्थळ मोडलं. तो जेवताना भिंतीकडे बघून म्हणाला, "घरात रोग आसा म्हणान नको झाला त्यांका." मी म्हटलं, "त्यांका सांगला कोणी?" तो उठून गेला. दोन वर्षांनी मुलीचं लग्न कणकवलीला झालं. त्या घरच्यांना माझं दुखणं ठाऊक होतं आणि त्यांनी ते विचारलंही नाही. दादा त्यातून काही शिकला असं मला कधी दिसलं नाही, आणि मीही त्याला विचारलं नाही.

एकाच घरात आम्ही पुढची कित्येक वर्षं भिंतीकडे बघूनच बोललो. मसुरीनंतरच्या मार्चमध्ये मी म्हैसूरचं वेळापत्रक मागवलं. पाकीट पोस्टमनने दादाच्याच हातात दिलं. त्याने ते ओसरीवर ठेवलं आणि आत निघून गेला. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कितक्या माणसांचा?"