गोंद लावलेला अंगठा

बी.एड.ला आम्हाला एक पेपर होता, शिक्षणातलं तंत्रज्ञान. शिकवणाऱ्या मॅडम वहीतून वाचायच्या आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. वर्गात पंखा सोडला तर दुसरं यंत्र नव्हतं. 'तंत्रज्ञानामुळे अध्ययन आनंददायी होते' हे वाक्य मी खाली रेघ मारून लिहिलेलं आहे. परीक्षेत तेच लिहिलं आणि गुण मिळाले.

मला यंत्रांचा राग आहे असं कुणी समजू नये. मी ज्या संघटनेत आहे तिची पत्रकं मीच मोबाइलवर तयार करते. भेस्तानपासून पलसाण्याच्या मिलच्या गेटपर्यंत ती मी स्वतःच्या हाताने वाटली आहेत. त्यातल्या एका पत्रकात आमची मागणी ठळक अक्षरात होती: गुजराती शाळांना जे डिजिटल साहित्य देता, ते महापालिकेच्या मराठी शाळांनाही द्या. आमची पोरं काय दुसऱ्याच्या घरची आहेत? हा प्रश्नही माझाच होता. तेव्हा तो मला फार जोरकस वाटला होता.

इंटर्नशिपला मला महापालिकेची जी मराठी शाळा मिळाली, तिथेच मी लहानपणी शिकले होते. आमची मागणी तोवर पुरी झालेली होती. वर्गात स्मार्ट बोर्ड आला होता आणि कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर हजेरीचं यंत्र.

बोर्डाची गोष्ट आधी सांगते, ती छोटी आहे. त्यात पाठ होते, चित्रं होती, गोड आवाजात बोलणारी एक बाई होती. भाषा निवडायला तीन बटणं होती. गुजराती, हिंदी, इंग्रजी. मराठी शाळेतल्या बोर्डात मराठी नाही, हे ज्याने तो बसवला त्यालाही खटकलं नव्हतं. मग मी त्या बाईचा आवाज बंद करायची आणि चित्रांवर स्वतः बोलायची. एका पोरानं विचारलं, "बेन, ह्या बाईला बोलता येत नाही का?" खिडकीजवळ बसणारी मुलगी म्हणाली, "येतं रे. आपल्याशी बोलत नाही ती."

वर्ग हसला. मीही हसले. हसायला लाज वाटावी असं अजून काही घडलं नव्हतं.

ही खिडकीजवळची मुलगी आठवीत होती. आईवडील नंदुरबारकडचे, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. जिभेला धार, गणितात पुढे. आठवीत मुलीच जास्त होत्या. मुलग्यांना आईबाप सातवीनंतर हिंदी नाहीतर गुजराती शाळेत घालतात, त्यांना पुढे नोकरी करायची असते. मुलींना मराठी शाळा चालते. हे वाक्य मी रागाने लिहीत आहे, पण ते खरं आहे.

आता यंत्र. मुलांनी वर्गात जायच्या आधी त्यावर अंगठा ठेवायचा. अंगठा ओळखला तर हिरवा दिवा आणि हिंदीत 'धन्यवाद'. नाही ओळखला तर लाल दिवा आणि 'कृपया फिर से कोशिश करें'. आठवीच्या अर्ध्या मुलींच्या वाट्याला रोज लाल दिवाच यायचा. त्या वर्गात बसायच्या, शिकायच्या, शाळेत जेवायच्या, आणि यंत्राच्या लेखी गैरहजर असायच्या. पोरांनी त्याचा खेळच केला होता. कुणी गणित चुकलं की मागून एकजण यंत्राच्या आवाजात म्हणायचा, "कृपया फिर से कोशिश करें."

शिक्षिकेला इथे बेन म्हणतात, मुख्याध्यापकांना आचार्य. आमचे आचार्य जळगावकडचे, निवृत्तीला टेकलेले. मी तक्रार घेऊन गेले तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बेन, पत्रकवाल्या तुम्हीच ना? डिजिटल द्या, डिजिटल द्या म्हणून? घ्या आता."

"सर, मुली हजर आहेत. मी स्वतः रोज मोजते."

"तुमच्या मोजण्याला वर कोण विचारतो? पूर्वी मी हजेरीपटावर लिहायचो, सही करायचो, संपलं. आता यंत्र सांगेल तेवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर्षभर असाच आकडा गेला तर जूनपासून आठवीचा वर्ग बंद. पोरांना समोरच्या गुजराती शाळेत पाठवा म्हणून तोंडी सांगून झालंय."

मी हे वर्गात सांगायला नको होतं, पण मुलींना ते आधीच माहीत होतं. शाळेत शेवटी कळतं ते शिक्षकांनाच. आठवी अर्ध्यात सुटायचं भय नव्हतं, पण सातवीतल्या धाकट्या बहिणींचं काय, आणि आकडा पडला म्हणून आठवीच्या मुलींना परीक्षेलाच बसू दिलं नाही तर काय, हे त्या विचारत होत्या. खिडकीजवळची मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली.

"बेन, माझी हजेरी कमी पडली तर आई घरीच बसवणार. म्हणते, रोज जातेस आणि तिथे नावच लागत नाही, तर कशाला जातेस? त्यापेक्षा स्टोनचं काम वाढव."

स्टोनचं काम म्हणजे साडीवर चमकते खडे चिकटवणं. व्यापाऱ्याचा माणूस साड्यांचं पोटलं आणि गोंदाच्या ट्यूबा घरी टाकून जातो, घरातल्या बायका आणि पोरी खडे लावतात, मग तोच माणूस पोटलं उचलून नेतो. आमच्या भागात घराघरात हे चालतं. शाळा दुपारची असते, म्हणून मुली सकाळभर खडे लावतात. ह्या शहरातल्या लग्नसराईचा झगमगाट कुठून येतो हे कुणाला बघायचं असेल तर त्याने आमच्या गल्लीत सकाळी यावं.

यंत्राला अंगठा का दिसत नाही, हे मग माझ्या लक्षात आलं: खडे लावून लावून त्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. मी तिच्या घरी गेले. एकच खोली, जमिनीवर गुलाबी साडी पसरलेली, तिच्या आईच्या मांडीवर साडीचा पदर. मला बसायला डबा पुढे सरकवला. मी विषय काढताच आई उसळली.

"पोरगी रोज शाळामा जास, मंग ते मशीन का बरं नही म्हणस? मी तिले थिनर लाईसन, हात धोईसन धाडस. आखो काय करू वं माय?"

थिनर. रंगाऱ्यांचं थिनर. साडीवर गोंदाचा डाग पडला तर ज्याने काढतात, त्याने ती पोरीचे अंगठे घासत होती. एकटीच नाही, गल्लीतल्या सगळ्याच आया. यंत्राला स्वच्छ अंगठा लागतो असं शाळेतून कळवलं होतं, आणि ह्या बायकांनी स्वच्छतेसाठी घरातलं सगळ्यात जालीम औषध काढलं होतं. मी मुलीचा हात हातात घेतला. अंगठा कोरडा, पांढरट, कागदासारखा. त्यावर रेषा शोधाव्या लागत होत्या.

"थिनर बंद करा," मी म्हणाले. "आणि आठवडाभर हिच्याकडून काम करून घेऊ नका. कातडी भरून येऊ द्या."

"आठोडाभर नही करं तं पोटलं दुसरीना घर जाई."

"जाऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला समजला. माझी आईही हेच काम करायची. मी अभ्यास करायची तेव्हा माझी मोठी बहीण आईबरोबर खडे लावायला बसायची. माझा अंगठा यंत्र पहिल्या फटक्यात ओळखतं.

शेवटी आईने मान्य केलं. आठवडाभर मुलीने हात कोमट पाण्याने धुतले, खोबरेल लावलं, खड्यांना शिवली नाही. मी रोज दुपारी यंत्राजवळ उभी राहायची. लाल दिवा. पुन्हा लाल. ती दुसरा अंगठा ठेवून बघायची, मग कपाळाला घासून, मग तोंडाची वाफ देऊन. मागची रांग ओरडायची. कातडी इतक्या लवकर भरून येत नाही, हे कुठल्या पेपरात आम्हाला नव्हतं.

पोटलं खरंच दुसऱ्या घरी जायला निघालं, तेव्हा आईने माझ्याशी न बोलता मुलीला परत कामाला बसवलं. दुसऱ्या दिवशी माल तातडीचा होता. मुलगी शाळेची घंटा होईपर्यंत खडे लावत बसली आणि हात न धुताच पळत आली. बोटांवर गोंद अजून ओलसर होता. धापा टाकत तिने अंगठा ठेवला.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बेन, बिघडलं का हे?"

बिघडलं नव्हतं. यंत्र बसवणाऱ्याला मी नंतर फोनवर विचारलं, तो म्हणाला कोरडा अंगठा काचेवर नीट टेकत नाही, थोडा चिकट असला की टेकतो, त्यात काय एवढं. त्याच्यासाठी त्यात काहीच नव्हतं.

मुलींना कारणाची गरज नव्हती. आठवड्याच्या आत आठवीतल्या लाल दिवा मिळणाऱ्या प्रत्येकीच्या कंपासपेटीत गोंदाची एक ट्यूब आली. शाळेच्या पायरीवर बसून अंगठ्याला थेंबभर लावायचा, फुंकर मारायची, अर्धवट वाळला की रांगेत उभं राहायचं. कुणाचा जास्त वाळला तर दुसरी म्हणायची, "चल, कृपया फिर से." यंत्राची काच धुरकट व्हायची, शिपाई शिव्या घालत पुसायचा. हजेरी लागू लागली. मग वर्गात पुस्तक उघडलं की पान अंगठ्याला चिकटायचं. त्या ते हळूच सोडवायच्या, साडीचा पदर सोडवतात तसं.

आचार्यांनी विचारलं, "काय जादू केलीत बेन?" मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "नको. आकडा आला ना, बस."

कॉलेजच्या मॅडम माझा पाठ बघायला आल्या, तेव्हा मोबाइलवर आठवीच्या हजेरीची रेघ वर चढलेली बघून खूश झाल्या. "तंत्रज्ञानाचा स्वीकार ह्यावर तुझा अहवाल घेऊ या. छान उदाहरण आहे."

"मॅडम, ह्या मुली घरी मजुरी करतात म्हणून त्यांचे अंगठे गेलेत. मजुरीचा गोंद लावला की त्या शाळेत हजर होतात. ह्याला स्वीकार म्हणायचं?"

"हे असं लिहायचं नसतं," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "पालकांमध्ये जागृती केली, असं लिही."

मी तसं लिहिलं नाही. अहवालात जे पाहिलं तेच लिहिलं. त्या प्रकरणाला मला काठावर गुण मिळाले, ते मला चालतात.

चालत नाही ती दुसरी गोष्ट. इतका दारूगोळा हातात असताना मी पत्रक काढू शकले नाही. मजकूर तयार होता. संघटनेतल्या एका दादाने तो वाचला आणि कागद घडी घालून मला परत दिला.

"छाप. मग उद्या महापालिकेतले म्हणतील, गोंद लावून खोटी हजेरी भरली. वर्ग बंद. परवा म्हणतील, घरात पोरींना कामाला लावतात, त्या आयांवर केस. व्यापाऱ्याला कुणी हात लावणार नाही. यंत्रवाल्याला तर नाहीच. छापतेस?"

मी ज्यांच्यासाठी लिहिते, त्यांच्याच अंगावर माझं लिहिणं उलटणार होतं. एवढं खरं हातात असून गप्प बसावं लागलं, असं आधी कधी झालं नव्हतं. म्हणून इथेही कुणाचं नाव नाही, शाळेचं नाही, गल्लीचं नाही. ज्यांना ओळखायचं ते आपापला अंगठा बघून ओळखतील.

आठवीचा वर्ग त्या वर्षी टिकला. मुलगी पास झाली, चांगल्या गुणांनी. निकालाच्या दिवशी तिची आई शाळेत आली, पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. "नववीले शे आते ती. पोटलं मीच करसू. तिले शिकू दे." मला वाटलं, चला, काहीतरी झालं.

मुलगी मात्र माझ्यामागे दारापर्यंत आली. आमची शाळा आठवीपर्यंतच, तिची नववीची नवी शाळा लांब होती, रिक्षाने जायची.

"बेन, तिथे पण मशीन आहे?"

"आहे. मी चौकशी केली."

"अंगठ्याचंच?"

"अंगठ्याचंच."

तिने हाताकडे पाहिलं. "मग काम सोडलं तर ट्यूब कुठून आणू? ती पोटल्याबरोबर मोजूनच येते, आईच्या कामाला पुरेल एवढी."

एवढं शिकून ह्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी संध्याकाळी बाजारात गेले. साडीच्या सामानाच्या दुकानदाराने ट्यूब काढताना विचारलं, "कौन सा स्टोन लगाना है, बेन? उस हिसाब से दूँ."

"स्टोन नहीं. स्कूल के लिए चाहिए."

"अच्छा, क्राफ्ट के लिए."

"हाज़री के लिए," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. हसत हसत त्याने ट्यूब कागदात गुंडाळून दिली.