पन्नास मिनिटांचा हुकूम

सांडू करमाडहून वाळूजच्या एका कंपनीची कामगार-बस चालवायचा. अकरा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. दहावीच्या गणितात मात्र तो दोनदा आपटला होता, अन् तो सल अजून जात नव्हता.

उन्हाळ्यात शिफ्ट अलीकडं आली. वाहतूक बघणारे साहेबराव म्हणाले, "निघायचं सातलाच. पण सात पन्नासला बस गेटवर पाहिजे. मोकळ्या रस्त्याला जरा दाबा की!"

एरवी अडुसष्ट मिनिटं लागत. आधी वीस किलोमीटर मोकळा रस्ता, तिथं तो साठनं जाई. पुढं सोळा किलोमीटर शहर. सिग्नल, रिक्षा, थांबे धरून वेग वीसच्या वर जातच नसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऐंशीनं हाणली. मधेच म्हैस आडवी आली. ब्रेक करकचून लागला, बसमधल्या कामगार चंपाबाईंचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. एवढं करून वाचली पाचच मिनिटं!

संध्याकाळी त्यानं नववीतल्या लेकीला, प्रेरणाला सगळं सांगितलं.

"पप्पा, मोकळ्या रस्त्याचा वेग क्ष धरा. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. आता तुम्हीच काढा."

सांडूनं पेन्सिल घेतली. शहरातले सोळा किलोमीटर, वेग वीस. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. पन्नासातून उरली दोन, तासाचा तिसावा भाग. वीस भागिले क्ष बरोबर एक भागिले तीस. क्ष आला सहाशे.

"चुकलं बघ," तो ओशाळला.

प्रेरणानं वही ओढून तपासलं. "नाय पप्पा, बरोबर हाय."

"ताशी सहाशे?"

"व्हय!"

दोघं पोट धरून हसले. मग सांडूला चंपाबाईंचं कपाळ आठवलं. ह्या हुकमापायी बसमधल्या तीस माणसांचा जीव त्यानं धोक्यात घातला होता.

सकाळी त्यानं तो कागद साहेबरावांपुढं ठेवला. त्यांनी मोबाइलवर दोनदा आकडे मारून पाहिले.

"मग काय करायचं म्हणता?"

"सहा चाळीसला निघायचं, साहेब. दुसरा रस्ता नाय."

"लोक ओरडतील."

"ओरडू द्या."

लोक ओरडलेच. रोज बसनं येणारा सोमनाथ तर आठवडाभर शर्टाची बटनं लावत धावत यायचा. सांडू त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबायचा. सत्तरातून अडुसष्ट गेली, तेवढीच त्याच्या हातात होती.