पातळबाईच्या गळ्यातला लाल ठिपका

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पातळबाई म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे, केसाच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ, हे तिचं काम. काप कोमट पाण्यावर तरंगायचा, ती खालून काच सरकवून तो अलगद उचलायची, आणि कुणाच्या तरी पोटातला नाहीतर छातीतला पापुद्रा सुरकुती न पडता काचेवर बसायचा. सव्वीस वर्षांत तिने चिठ्ठीवरचं नाव कधी वाचलं नाही, नंबर तेवढा वाचायची. म्हणायची, "नाव वाचलं की हात हलतो."

घरी ती आणि नवरा, दोघंच. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. लग्नानंतर तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आसपास सगळं आटोपलं. पहिल्या वेळी नर्स कानाशी येऊन म्हणाली होती, मुलगा होता. सासूबाई तशा मायेच्या, पण तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझं अंगच पोरांना खातं गं." मागाहून त्या स्वतःच रडल्या. पण तो शब्द हिच्या मनात जाऊन बसला तो बसलाच.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई वयाने तिच्याहून बऱ्याच लहान. अर्धवट राहिलेल्या गर्भारपणातले नमुने तपासण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यातली एक काच पातळबाईने एकदा सहज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गर्भाशयाच्या अस्तरात तपकिरी रंगाच्या पेशी होत्या, एकेका रक्तवाहिनीभोवती घोळका करून, माणसं विहिरीत वाकून बघतात तशा.

"मॅडम, या कोण?"

"मारेकरी पेशी म्हणतात त्यांना," डॉक्टरबाई लिहितालिहिता म्हणाल्या. "रोगट पेशी मारतात म्हणून."

तिने पुढे काही विचारलं नाही. जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं, असं तिला वाटलं. तेव्हापासून पोटाला साबण लावतानासुद्धा तिचा हात क्षणभर थबके. आत एवढी मोठी टोळी बसलेली, आणि आपण तिला रोज दोन वेळचं जेवू घालतो.

पुढच्या वर्षी तिचा गळा सुजला. शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उलटल्या होत्या, शिवाय एक गाठही होती. ग्रंथी काढावी लागली. तिचा तुकडा इतरांसारखाच खाली आला, मेणात बसला आणि चार दिवस वाट बघत राहिला, कारण तसा पातळ काप काढणारं दुसरं कुणी नव्हतं. कामावर परतल्यावर तो तिनेच कापला. हात हलला नाही. गाठ साधी निघाली. आपला नमुना डॉक्टरबाईंच्या बायकांच्या थायरॉईडवरच्या दुसऱ्या अभ्यासात घ्यायला तिने सही दिलेली होती, ती गोष्ट ती विसरूनही गेली.

तीन आठवड्यांनी भर दुपारी डॉक्टरबाईंनी तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. चमकणारे रंग पाहायचे तर दिवे बंद लागतात. पडद्यावर काळोखात शेकडो निळे गोळे तरंगत होते आणि प्रत्येकात दोन हिरवे ठिपके.

"हे तुमच्या गळ्यातलं, ताई. बाईच्या पेशीत दोन हिरवे दिसतात. पुरुषाच्या पेशीत एक हिरवा आणि एक लाल." त्यांनी चित्र थोडं सरकवलं. "आता इथे बघा."

एका कोपऱ्यात सात-आठ गोळे कडं करून बसले होते. प्रत्येकात एक हिरवा ठिपका, एक लाल.

"काच बदलली असेल," पातळबाई म्हणाली. आपल्या कामाबद्दल असं तिने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. तीनदा नव्याने केलं. तुम्हाला कधी कुणाचं रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"जुळा भाऊ?"

"नाही." मग पडद्याकडे बघत ती म्हणाली, "पहिला मुलगा होता. तीस वर्षं झाली."

डॉक्टरबाईंनी दिवा लावला नाही. तशाच अंधारात त्या सावकाश सांगत राहिल्या. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, कुठेतरी मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षं राहतात. मूल राहिलं नाही तरी राहतात. परक्या पेशी दिसल्या की शरीर खरं तर त्यांचा फडशा पाडतं. पण गर्भारपणात आईच्या रक्तात राखणदार पेशी वाढतात आणि त्या बाकीच्यांना आवरून धरतात, याला हात लावू नका म्हणून. काही राखणदार पुढेही पहारा देत राहत असावेत.

"मग माझा गळा बिघडला तो यांच्यामुळे?"

"कुणी म्हणतं यांच्यामुळे भांडण पेटतं. कुणी म्हणतं या डागडुजीला येतात. या तर ग्रंथीच्याच पेशी होऊन बसल्यात, तुमच्यासाठी काम करत असतील. नक्की सांगता येत नाही, ताई. सांगितलं तर ते खोटं ठरेल."

पातळबाई बाहेर आली ती सरळ खालच्या कोठारात गेली. जुने ठोकळे तिथे वर्षवार ठेवलेले असत, भिंतीभर खण, प्रत्येकात हजारो माणसांचा चिमूटभर अंश. तिची तिन्ही गर्भारपणं याच रुग्णालयात अर्ध्यावर थांबली होती. इतकी वर्षं त्या खणांसमोरून ती रोज जात होती आणि पहिल्या वेळच्या त्या एका वर्षाच्या खणाला तिने कधी हात लावला नव्हता. आता तिने नावं वाचली. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव सापडलं, अक्षर कुणा निवृत्त माणसाचं. मेण पिवळं पडलं होतं. तळहातावर ठोकळा हळूहळू गरम होत गेला आणि त्याला ऊब आपली मिळते आहे की आपल्याला त्याची, हे तिला सांगता येईना.

ठोकळा वर आणून तिने डॉक्टरबाईंपुढे ठेवला. "याच्यात मारेकरी किती होते ते मला बघायचंय."

काप तिनेच काढला, रंगही तिनेच दिला. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला. रक्तवाहिन्या अरुंद होत्या, जाड भिंतींच्या. त्यांच्याभोवती तपकिरी पेशी अगदीच तुरळक.

"कमी आहेत," ती म्हणाली.

"कमीच आहेत. ताई, यांचं नाव चुकीचं पडलंय. गर्भाशयात या मारत नाहीत. आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, बाळाला रक्त पोचावं म्हणून. एका काचेवरून मी खात्री देणार नाही. पण इथे कुणी कुणाला खाल्लेलं मला दिसत नाही. झालं असलंच तर उलट. कामाला माणसं कमी पडली."

पातळबाईने मान डोलावली, काच पुसली आणि ठोकळा परत आपल्या खणात ठेवून आली. मग हात धुवायच्या जागी नळ सोडून ती पंधरा मिनिटं उभी राहिली. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींनी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका मशीनचं पोट उघडून बसला होता. सांगून झालं तरी त्याच्या हातातला स्क्रू हातातच होता.

"ग्रंथी काढली म्हणजे तेही गेलं का?"

"गळ्यातलं गेलं. बाकी कुठे असेल ते कोण सांगणार? बायकांच्या यकृतात सापडलंय, काळजात सापडलंय, मेंदूत पण."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाकडे आणि नजर खाली घेतली. "तुला जाणवतं काही?"

"नाही हो. पेशी आहेत त्या. पेशींना काय कळतंय?"

पण खोलीत एकटी असताना ती हल्ली गुणगुणायचं थांबली होती, कुणी ऐकत असल्यासारखी. डॉक्टरबाईंनी पुढे विचारलं, रक्त द्याल का, अजून कुठे आहेत ते शोधता येईल. तिने नको म्हटलं. "आहेत तिथे असू देत." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. तिचा नमुना एका शोधनिबंधात छापून आला, नुसत्या नंबराने. ती रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेते आणि काप अजून तसेच पातळ काढते.

एका रविवारी दुपारी ती आतल्या खोलीत केस विंचरत होती. नवऱ्याने ताटं मांडली आणि दारात येऊन, रोजच्यासारखं "ये जेवायला" न म्हणता, तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "या जेवायला."

ती वळली. तो चेष्टा करत नव्हता. काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने फणी ठेवली आणि म्हणाली, "येतोच आम्ही."