ताईचा जड पाय

थंडा मिस्त्रीच्या अंगात सकाळी पहिलं काय दुखणार, हे आता ठरून गेलं होतं. उठताना कंबर, चपलेत पाय घालताना डावा गुडघा आणि गॅरेजचं शटर वर ढकलताना उजवा खांदा. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने गाडीखाली आडवं होऊ नये, हे त्यालाही कळत होतं. पण गाड्या काही त्याचं वय विचारून बिघडत नव्हत्या.

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकं केव्हाच विसरली होती. ‘थंडा’ हे नाव पडलं ते उस्तादामुळे. ज्याच्या हाताखाली तो पाने धरायला शिकला, त्या उस्तादाचा एकच मंत्र होता: गाडी गार ठेव. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर मुठीत मावेल एवढी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन तापेपर्यंत ती मिटून बसते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. क्वचित ती मिटलेलीच अडकते, मग इंजिन उकळतं. उस्तादाचं म्हणणं, अडकायची वाट कशाला बघायची? काढूनच टाका, कटकट मिटली. त्यामुळे उकळलेली गाडी गॅरेजात आली की दुसरं काही असो वा नसो, ही झडप आधी बाहेर यायची. काढलेल्या झडपा मिस्त्री तारेत ओवून भिंतीवर टांगायचा. माळ चांगली चार हात लांब झाली होती, आणि नवीन गिऱ्हाइकाने विचारलं की मिस्त्री तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "यातली एकही गाडी परत उकळली नाही." एखाद्याने छातीवरची पदकं दाखवावीत तसं.

त्या बुधवारी सकाळी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, पासष्टीची, जन्मभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. तिची जुनी पांढरी गाडी दारात येऊन थांबली आणि जागच्या जागी अशी हिसके देऊ लागली की बॉनेटवर ठेवलेला पाना खाली पडला असता. ताईने इंजिन बंद केलं, बाजूच्या सीटखाली वाकून चपला काढल्या, पायात घातल्या आणि मग खाली उतरली. मिस्त्रीने ते पाहिलं. पाय सुजत असतील हिचे, एवढंच त्याच्या मनात आलं.

"छोट्या, शेवटचं बघ," ताई म्हणाली. नव्वद किलोच्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात एवढी एकच बाई उरली होती. "परवा गिऱ्हाईक येतंय."

"कसलं गिऱ्हाईक?"

"लेकाने बघितलंय. म्हणतो, ही गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते. लिटरला आठ किलोमीटरसुद्धा जात नाही. आणि काल सिग्नलला दोनदा बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला."

"मग तू भावोजींकडे जाणार कशी?"

"तो म्हणतो, दर रविवारी नेईन."

भावोजी तीन वर्षांपासून पस्तीस किलोमीटरवरच्या शुश्रूषा केंद्रात होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, आणि ताईने भरवलं तरच तोंड उघडायचे. केंद्रातल्या बायका चमचा घेऊन बसायच्या, तर भावोजी भिंतीकडे तोंड फिरवायचे. म्हणून ताई एक दिवसाआड स्वतः गाडी चालवत जायची, ती गेली नाही तर दोन घास आणि नळीतून काय जाईल ते. आठवड्यातून एकच रविवार म्हणजे काय, हे दोघांनाही न सांगता समजत होतं.

"नाहीतरी माझा पाय जडच आहे," ताई हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "गाडी बिचारी काय करणार?"

हे वाक्य तिचं नव्हतं, मिस्त्रीचं होतं. सहा वर्षं गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून ती त्याच्याकडे येत होती आणि तो प्लग पुसायचा, फिल्टर झटकायचा, काही सापडत नाही म्हटल्यावर सांगायचा, "ताई, गाडीत काही नाही. तुझा पाय जड आहे. एक्सलरेटर दाबतेस की कणीक तिंबतेस?" घरातल्या प्रत्येक जेवणावळीत हा विनोद व्हायचा. भाच्याने तो उचलला, भाच्याच्या बायकोने उचलला. शेवटी ताईनेही उचलला.

ती बसने परत गेली आणि मिस्त्रीने बॉनेट उघडलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं होतं, जाऊ दे ना, विकली जाऊ दे एकदाची. आपली कंबर तरी वाचेल. पण भावोजींचं ते भिंतीकडे फिरवलेलं तोंड काही डोळ्यांपुढून हलेना, म्हणून त्याने बाही वर केली.

प्लग काढले तर चारही काजळीने काळेकुट्ट. आठ महिन्यांपूर्वीच बदललेले. म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होतं आणि नीट जळत नव्हतं. एअर फिल्टर पाहिला, ठीक होता. हवा घेणारी थ्रॉटलची नळी उघडून तिच्यातला चिकटा साफ केला. कुठल्या रबरी नळीतून चोरून हवा शिरतेय का म्हणून एकेका सांध्यावर स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकलं, तर आवाज जसाच्या तसा, घशात काही अडकल्यासारखा. संध्याकाळपर्यंत त्याने नवे प्लग घालून गाडी सुरू केली. पाच मिनिटं ती शहाण्यासारखी वागली आणि मग पुन्हा थरथरायला लागली. मिस्त्रीने तिच्यापुढे हात टेकले आणि शटर ओढलं.

गुरुवारी सकाळी त्याने शेजारच्या वायरमनला हाक मारली. वायरमन गाड्यांची वायरिंगची कामं करायचा, वयाने मिस्त्रीएवढाच, पण त्याने दोन वर्षांपूर्वी गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र आणलं होतं. मिस्त्री त्या यंत्राला ‘डबा’ म्हणायचा. डबा मागायला जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"बघू तुझा डबा काय दिवे लावतो ते," तो म्हणाला.

वायरमनने स्टिअरिंगखाली वायर जोडली. अर्धा तास गाडी चालू ठेवली. मग पडद्याकडे बघून त्याने डोकं खाजवलं.

"इंजिनाचं पाणी चोपन्न अंशांवर आहे."

"खोटं बोलतोय डबा. अर्धा तास झाला चालू करून, एव्हाना नव्वदच्या आसपास हवं."

"मग सेन्सर खोटं बोलत असेल."

सेन्सर बदलला. पुन्हा अर्धा तास. चोपन्न.

"हे बघ मिस्त्री," वायरमन म्हणाला, "या गाडीला वाटतंय की ती आत्ताच झोपेतून उठलीये. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून संगणक देत बसतो. ही दिवसभर गारच राहते आणि तो दिवसभर देतच राहतो. प्लग काळे होणार नाहीत तर काय? थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय बघ. जरा खोल."

अडकायला तो आत तर असायला हवा ना. मिस्त्रीची नजर भिंतीवरच्या माळेकडे गेली.

सहा वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी एका लग्नाहून परत येताना गाडी उकळली होती. रेडिएटरचा पंखा जळला होता, तेवढंच झालं होतं. मिस्त्रीने पंखा बदलला. आणि हात घातलाच आहे तर म्हणून, नेहमीच्या सवयीने, झडपही काढून टाकली. तेव्हापासून पाणी तापायच्या आधीच रेडिएटरमधून फिरून गार होत होतं. उस्तादाच्या काळच्या साध्या गाड्यांना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. त्यांच्यात हिशेब ठेवणारा संगणक नव्हता. ताईच्या गाडीत होता, आणि सहा वर्षं तो इमानाने गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजत होता.

वायरमन गेल्यावर त्याने माळ खाली घेतली. शेवटून सातवी झडप ताईची. कडेवर त्याच्याच हातचा पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, घरच्या गाडीची म्हणून खूण केलेला. त्याने चहाच्या पातेल्यात पाणी घेतलं, शेगडीवर ठेवलं आणि झडप आत सोडली. पाणी तापलं, बुडाला बुडबुडे धरले, वाफ यायला लागली. मग ती झडप हळूच, अगदी गुपचूप उघडली. त्याने पातेलं खाली उतरवलं, तशी ती पुन्हा मिटली. पुन्हा ठेवलं, पुन्हा उघडली. तिच्यात काडीचा दोष नव्हता, कधीच नव्हता.

मिस्त्री स्टुलावर बसला. एक एक आठवायला लागलं. ताई म्हणाली होती, "छोट्या, ती तापमानाची सुई कधी वर येतच नाही रे." आणि हा म्हणाला होता, "मग देवाचे आभार मान." ताई म्हणाली होती, "थंडीत हीटर लावला तरी गार वारा येतो. पाय बर्फ होतात." आणि हा म्हणाला होता, "शाल घे." दोन्ही वेळा बाईने आजार बरोबर सांगितला होता. जन्मभर रोग्यांचा ताप मोजलेली बाई ती. आणि यानेच तिला शहाणपण शिकवलं होतं.

माळेत आणखी चाळीसेक झडपा होत्या. त्यांच्या मालकांपैकी किती जणांना पाय जड असल्याचं सांगितलं होतं, ते आठवायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

त्याने नवी झडप आणून बसवली, नवं पाणी भरलं, नवे प्लग पुन्हा पुसले आणि गाडी सुरू केली. दहा मिनिटांत सुई मध्यावर येऊन थांबली. पंधराव्या मिनिटाला इंजिनाची थरथर गेली, आणि बॉनेटवर मुद्दाम उभा ठेवलेला पाना उभाच राहिला. एरवी असं झालं की तो स्वतःवर खूश होऊन चहा मागवायचा. आज त्याला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

दुपारी ताई आली. त्याने तिला स्टूल दिलं, स्वतः टायरवर बसला आणि ती जुनी झडप तिच्या हातात ठेवली. काहीही न लपवता सगळं सांगितलं. पातेल्याचंही सांगितलं.

ताईने झडप उलटसुलट करून पाहिली. "ही कधी काढलीस?"

"सहा वर्षं झाली."

"म्हणजे माझा पाय नव्हता."

"नव्हता, ताई."

"तुला गाडी मी शिकवली, छोट्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. "सायकलवरून पडायचास तू तेव्हा. हॉस्पिटलच्या मैदानात, रात्रपाळी करून आल्यावर मी तुला क्लच शिकवला. आणि तू सगळ्यांना सांगत सुटलास. लेकाला, सुनेला. केंद्राच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे माझा पाय जड आहे म्हणून."

"चुकलं माझं."

"मी अनवाणी चालवते, माहितीये तुला?" ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली. चपला काढून चालवते. पायाला पेडल नीट कळावं, पाय हलका पडावा म्हणून. थंडीत बोटं बधिर व्हायची, तरी. वाटायचं, दोन पेले पेट्रोल वाचेल, मग लेक गाडी विक म्हणणार नाही."

मिस्त्रीला वर बघवेना. समोर ताईचे पाय होते, टाचांना भेगा पडलेले. थंडीतसुद्धा एक दिवसाआड, पस्तीस किलोमीटर जाताना आणि पस्तीस येताना, ते पाय गार लोखंडावर ठेवलेले होते. एवढ्या वर्षांत त्याचे डोळे कधी भरून आले नव्हते. आता आले आणि ग्रीसच्या हाताने पुसावे लागले.

ताईने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावून त्याच्यापुढे धरला. "लेकाला सांग. मी सांगितलं तर त्याला पटायचं नाही. तुझं सगळ्यांना पटतं."

भाच्याने फोन उचलला. मिस्त्री म्हणाला, "मामा बोलतोय. आईच्या पायात काही दोष नाही. गाडी मी बिघडवली होती, सहा वर्षांपूर्वी. आज दुरुस्त केली. उद्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळव." पलीकडून भाचा म्हणाला, "मामा, पण तुम्हीच तर म्हणायचात..." "म्हणायचो," मिस्त्री म्हणाला. "चुकीचं म्हणायचो. हे घरात सगळ्यांना सांग, जेवायला बसल्यावर." आणि त्याने फोन ताईला परत दिला.

ताई उठली. भावोजींच्या जेवणाची वेळ साडेपाचची होती, निघायला हवं होतं. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि इतकं निवांत चालत राहिलं की तिने सुरू झालं की नाही म्हणून पुन्हा किल्लीकडे हात नेला. मग थोडा वेळ तशीच ऐकत बसली. आणि सवयीने वाकून तिने चपला काढल्या आणि बाजूच्या सीटखाली सारल्या.

मिस्त्री दुसऱ्या बाजूने आला. दार उघडून त्याने सीटखाली हात घातला, चपला बाहेर काढल्या आणि गाडीला वळसा घालून तिच्या दारापाशी आला. डावा गुडघा कुरकुरला, कंबरेने तक्रार केली, तरी तो फरशीवर खाली बसला आणि त्याने चपला ताईच्या पायांपुढे नीट लावून ठेवल्या.

"घाल," तो म्हणाला.