उताऱ्याचा दहीभात

"हा दहीभात घरी ने, पोरीला घाल. ती तशीही वेडीच आहे, तिला काय होणार?"

मी शाळेतल्या सरांच्या घरी भांडी घासायची. हे बोलल्या त्या सरांच्या बायको, वहिनी. तो भात त्यांनी आत्ताच, माझ्या डोळ्यांदेखत, आपल्या थोरल्या मुलाच्या डोक्यावरून उतरवला होता. त्याची पीडा भातात, आणि भात माझ्या पोरीच्या पोटात.

आणि मी काय केलं? "हाव वहिनी" म्हणून पदर पसरला! वर मनात म्हटलं, दही गोड दिसतंय. अशी हुशार बया मी. तेव्हाची ती मी आज भेटली असती तर पाठीत धपका घातला असता.

त्यांचा मुलगा भिंतीशी बोलायचा, तो अभ्यासाचा ताण. माझी पोरगी बोरीच्या झाडाशी बोलायची, ती येडी.

घरी ताट वाढलं. पोरीने रोजचाच प्रश्न विचारला, "माय, ह्याच्यात कोनं काही कालवलं तं नाई ना?"

रोज मी म्हणायची, "नाई वं बाई." त्या दिवशी ताट मागे ओढलं. तिचा संशय पहिल्यांदाच खरा होता, आणि कालवलेलं घेऊन आले होते मी.

तसाच भात उचलून परत गेले. वहिनी मुलाच्या हातावर गोळी ठेवत होत्या. म्हणजे यांना गोळी, आणि आम्हाला यांचा उतारा!

"भात ठेवा तुमचा. मले डॉक्टरचं नाव सांगा."

"हळू बोल. आमच्याकडे तसलं काही नाही."

"मंग गोळी कायची देऊन राह्यल्या?"

सरांनी पेपरातून मान वर केली नाही. "तुमच्यात अंगारा लावतात ना? तोच लाव."

मुलगा एकदम हसला. "आई, भात तूच खा ना." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, बुलडाण्याला सरकारी दवाखान्यात जा. तिथंही गोळ्या देतात."

त्या घरात शुद्धीवर तो एकटाच होता.

माझं काम सुटलं. बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. ते मी घोकून घोकून पाठ केलं. कोणी 'येडी' म्हटलं की तोंडावर फेकते.

आता मी गल्लीची आजी झाले. पोरगी गोळ्या घेते. आवाज कमी झालेत, गेले नाहीत. ताटाशी अजून विचारते. मी आधी एक घास खाते, मग सांगते.

अजूनही कोणाकोणाच्या घरून दहीभाताची वाटी येते. मी दारातच, गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, "कोनावरून उतरवला?" आणणारी चाचरली की वाटी तिच्याच तोंडापुढे धरते. खा.

तुमची घाण माझ्या पोरीच्या ताटात पडणार नाही. मी जिवंत आहे तोवर तर नाहीच. आणि मरायची मला काही घाई नाही.