तारपिडेचं पाणी

पाणी कुणाचं असतं, वाचकहो? ज्याच्या नावावर शेअर आहे त्याचं, की ज्याला तहान लागली आहे त्याचं? उत्तर घाईनं देऊ नका. मी घाई केली आणि भर गावात हसं करून घेतलं.

खरं म्हणजे मी निघालो होतो एका होडीचा तुकडा शोधायला. माझे वडील मुंबईच्या गोदीत फिटर. उस्तादाकडून ऐकलेली एक गोष्ट ते आम्हाला नेहमी सांगत. रशियाचं आरमार चालून येईल या धास्तीनं इंग्रजांनी मुंबई बंदरात छोट्या, चपळ टॉर्पेडो होड्या आणून ठेवल्या होत्या. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाजाच्या पोटात फुटणारा लांबट गोळा. तो सोडायला होडीवर लोखंडी नळी असे. होड्यांची नावं काय, तर मराठा, राजपूत, शीख, पठाण! ज्यांना गुलाम केलं त्यांचीच नावं, आणि राखण साहेबाच्या तिजोरीची. रशियन काही आला नाही. होड्या धक्क्याला बांधल्या बांधल्या म्हाताऱ्या झाल्या आणि भंगारात निघाल्या. त्यांतल्या एकीची नळी मोगलाईतल्या (निजामाच्या मुलखातल्या) एका कापूस व्यापाऱ्यानं जिनिंगच्या धुराड्यासाठी नेली, ती घाटनांदूर स्टेशनात उतरली. वडिलांची गोष्ट इथं थांबायची. मला पुढची हवी होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मनमाड, परभणी, परळी अशा गाड्या बदलत मी सकाळी घाटनांदूरला उतरलो. स्टेशनाबाहेर एक रिकामी बैलगाडी उभी होती. गाडीवानाचं नाव नामदेव. त्याला मी होडीच्या नळीबद्दल विचारलं, तर तो आधी माझ्याकडे आणि मग माझ्या झोळीकडे बघत राहिला.

"होडी? हितं प्यायला पानी न्हाई, अन् तुमी होडी हुडकाय आलात?"

मी वर्णन केलं. लांब, गोल, पूर्वी जिनिंगवर धुराडं म्हणून असलेली.

"मंग तारपिडा म्हना की! आमच्याच गावात हाय. बसा. पन चढाला उतरावं लागल, बैलांत जीव न्हाई."

तीनदा उतरावं लागलं. तिसऱ्या चढाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि पुढची वाट मी एका पायानं अनवाणी चाललो. दोन्ही अंगांना काळं रान भेगाळलं होतं. कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या. त्यांच्या हातोड्यांचा आवाज गाव येईपर्यंत मागं मागं येत होता.

"तारपिडा कावून (का) म्हणता?" मी त्याचाच शब्द वापरून बघितला.

"पीडा तारती म्हनून. दुसरं काय?"

टॉर्पेडोचा हा अर्थ कुठल्या आरमारी कोशात सापडायचा नाही. मी दुरुस्ती केली नाही.

त्याच्या घरी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज) प्यालो. त्याच्या बायकोनं मीठ कमी आहे का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आणखी वाढलं. मग आम्ही गावच्या सहकारी सोसायटीच्या विहिरीवर गेलो.

जिनिंग केव्हाच बुडालं होतं. धुराडं सोसायटीनं घेतलं, गॅसनं उभं चिरलं आणि विहिरीपाशी जनावरांना पाणी प्यायला त्याची दोणी मांडली. मी खाली वाकून आत हात फिरवला. तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची खोबण होती. गोळा नळीतून सरळ सुटावा म्हणून ठेवलेली. वडील हिचं चित्र पाटीवर काढून दाखवायचे.

"हीच!" मी ओरडलो. जमलेल्यांना मी होडीची सगळी हकिगत सांगितली. सोसायटीचे चेअरमन दादाराव, गावातले मोठे जमीनदार, मिशीवर बोट फिरवत ऐकत होते. आपल्या दोणीचं कुळ इतकं मोठं निघाल्याचं त्यांना सुखच झालेलं दिसलं.

तेवढ्यात मला पाटी दिसली. दोणीमागच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं होतं: 'फक्त सभासदांच्या जनावरांसाठी.' आणि पाटीसमोर, बांधापलीकडे, एक बाई आपली मेंढरं घेऊन उभी होती. ती गोदूमावशी, गावातलीच धनगरीण. कळप निम्मा राहिला होता, आणि उरलेली मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत डोकी खुपसत होती. पुढचं पाणी एका दिवसाच्या चालीवर. आज इथं मिळालं नाही तर तिथवर किती पोचतील ते तिला माहीत होतं.

माझं डोकं फिरलं. सहकार म्हणजे काय, शोषण म्हणजे काय, आमच्या युवक संघटनेच्या पत्रकांतली वाक्यं मी एका दमात म्हणून टाकली. एका पायात चप्पल, एक पाय चटके खात.

दादाराव शांतपणे म्हणाले, "टाळ्या वाजवा बे! पावन्यानं लई चांगलं भाषण ठोकलं."

लोक खदखदून हसले.

"आता माझं ऐका," ते पुढं म्हणाले. "हिर सोसायटीची. दिसाला पानी येतं ते ह्या दोनीपुरतं. मेंढरं प्याली तर बैलं काय पितील? अन् बैलं मेली तर पेरनीला पाभर कोन वढल? तुमी?"

बैलांचा हिशेब एकाही पत्रकात नव्हता. बोलली ती गोदूमावशी, बांधापलीकडूनच.

"दादाराव, हिर खनली तवा माती कुनी वाहिली? ह्या डोस्क्यानं वाहिली. तवा कुनी शेअर इचारला न्हाई."

मग नामदेवानं मला साळसूदपणे विचारलं, "पावनं, ती होडी काय काम करायची म्हनलात?"

"साहेबाची राखण."

"मंजी तवा बी राखनच, अन् आता बी राखनच! एवढ्या लांब येऊन तारपिडा काय सुधारली न्हाई."

लोक पुन्हा हसले. या वेळी दादाराव सोडून.

गोदूमावशी बांध ओलांडून आत आली. "लेकरा, तुला वाचाय येतं. ह्यातला मला आडवनारा शबुद कंचा?"

मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तिनं पदराचं टोक दोणीत बुडवलं, पिळलं, पिळलेलं पाणी परत दोणीतच पाडलं आणि 'फक्त' पुसून टाकला. दोन हात फिरवले, झालं. चुना तो.

सगळे दादारावांकडे बघू लागले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मेंढरांकडे बघितलं.

"आदी बैलं पितील," ते म्हणाले. "मंग मेंढरं. आजच्या पुरतं. पुढचं सभेत ठरल."

बैल प्याले, त्यांच्यामागून मेंढरं. पाणी तळाला गेलं तेव्हा ते फक्त त्या खोबणीत उरलं, एक चकाकती रेघ. एक म्हातारी मेंढी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटत गेली. साहेबाच्या कारागिरानं मरण सरळ जावं म्हणून कोरलेली वाट ती.

दुसऱ्या दिवशी तारेनं बांधलेली चप्पल घालून मी परतीच्या गाडीत बसलो. नळी सापडली होती, वडिलांना सांगायला गोष्टीचं शेवटचं टोक मिळालं होतं. पण गोष्ट संपलेली नाही. दादारावांना चुना कालवून तो शब्द परत लिहायला घटकाभर पुरेल. सभेत गोदूमावशीला मत नाही, माती वाहणाऱ्यांपैकी कुणालाच नाही. मत आहे ते सभासदांना. मला त्यांचा भरवसा वाटतो, कारण दुसऱ्यांदा हसताना मी त्यांची तोंडं पाहिली आहेत.

तुम्हीही कुठल्यातरी सोसायटीचे सभासद असाल. यंदाच्या सभेला चहा घेऊन, सही करून परत येऊ नका. आधी तुमच्या विहिरीवरची, टाकीवरची, नळावरची पाटी वाचा, आणि ती विहीर खणताना माती कुणी वाहिली ते सभेत उभं राहून विचारा. जाताना एक फडकं न्या. ते ओलं करण्यापुरतं पाणी दुष्काळातही मिळतं.